एस्टिमेटमध्ये न बसलेला सज्जा

चिंचवडच्या त्या घरात राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी, खांद्यावर पंचा आणि तोंडात ब्रश अशा थाटात मी बोळाच्या टोकाचं दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकणार तोच पोटाला एक आडवा वासा लागला. वाशापलीकडे काहीच नव्हतं. म्हणजे पवना नदी होती, पलीकडची ज्वारीची शेतं होती, एक म्हैसही होती; पण पाय ठेवायला काही नव्हतं. खाली दीड पुरुष खोल उतार आणि त्यात एरंडाची झुडपं.

"तिथं सज्जा होता," मागून आवाज आला.

मी तोंडातला फेस गिळून विचारलं, "पडला?"

"पडायला आधी बांधावा लागतो. एस्टिमेटमध्येच कापला."

हे आमचे घरमालक. सगळी आळी त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणू लागलो. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म काढलेला माणूस. पूल, मोऱ्या, डाकबंगले, जे काही वरून कागदावर येईल त्यातलं काय काय वगळता येईल ते शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही, उलट आता खात्याचा अडथळा उरला नव्हता. त्यांच्या कानावर एक पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. लाल काटछाटीसाठी, निळी वाढीव कामासाठी. लाल टोक झिजून बोटभर उरलं होतं. निळ्याला दुकानातून आणल्यापासून कुणी तासलंही नव्हतं.

घर त्यांनी स्वतः बांधलं होतं, आणि स्वतःच्या घराचं एस्टिमेट करताना त्यांनी सरकारच्या पैशाला दाखवली नसेल एवढी निष्ठा दाखवली होती. कपाटांना दारं नव्हती. जिन्याला कठडा एकाच बाजूला, कारण माणूस जिना एका वेळी एकाच हातानं धरतो. खुर्ची घरात एकच. आणि न्हाणीला कडी नव्हती. कडीशिवाय चालतं, असं अण्णांचं मत. बाहेरून जाणाऱ्यानं दारापाशी खोकायचं. आत कुणी असेल तर त्यानं उलट खोकायचं. उलट खोकला आला की मुकाट्यानं मागे फिरायचं. खोकला आला नाही तर न्हाणी मोकळी. या पद्धतीत चूक व्हायला जागा नव्हती, फक्त नवा भाडेकरू पहिल्या आठवड्यात घसा बसेपर्यंत खोकायचा. मला त्याची अशी सवय जडली की पिंपरीला कचेरीतसुद्धा मी बंद दार दिसलं की खोकायचो. आमच्या हेडक्लार्कनं माझं टेबल खिडकीशी हलवलं आणि एकदा बाजूला घेऊन, छातीचा फोटो काढून घे, असं कळवळून सांगितलं. खरं कारण सांगायची मला लाज वाटली. मी फोटो काढून आणला.

मी पिंपरीला एका कंत्राटदाराकडे नोकरीला होतो. माळावर एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि त्यातल्या काही इमारतींचं काम आमच्याकडे होतं. माझा हुद्दा एस्टिमेट-क्लार्क. विटा किती, वाळू किती, लाकूड किती घनफूट, तुटफूट किती धरायची, हे मांडायचं. पंचविशीच्या आतबाहेरचं वय, हातात पट्टी आणि खिशात डिप्लोमा. रस्त्यानं सायकलवरून जाताना कुणाचंही घर दिसलं की मी मनात त्याचा खर्च काढायचो आणि घरमालकाची कीव करायचो. तेव्हा एका छपराखाली असे दोन एस्टिमेटवाले आले, एक वाढवणारा आणि एक कापणारा. भाडं ठरवताना मी माझा हुद्दा अभिमानानं सांगितला, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे, हलवायानं मधुमेही माणसाकडे पाहावं, तसं पाहिलं होतं.

सल्ल्याला त्यांच्याकडे बरीच माणसं येत, कारण सल्ला फुकट होता. अण्णा कागद हातात घेत, खुर्चीत बसत (आलेला माणूस अर्थातच खाली) आणि एकच प्रश्न विचारत, "कशाशिवाय चालेल?" त्या प्रश्नापुढे भले भले गळपटत. माडी चढवायला निघालेला एक किराणा दुकानदार तासाभरानं एक फळी मारून घ्यायचं ठरवून परत गेला. सांगवीहून एक शेतकरी गोठ्यासाठी आला होता. अण्णांनी त्याच्या गोठ्याची मागची भिंत कापली, मग बाजूची कापली, मग छप्पर निम्मं केलं आणि शेवटी म्हणाले, "गाय विकली तर गोठ्याशिवाय चालेल."

शेतकरी उठून उभा राहिला. "अवो अण्णा, गायीपायी गोठा बांधतुया आमी. गोठ्यापायी गाय न्हाई पाळली."

"विचार करा," अण्णा म्हणाले.

"केला की. तुमच्याबिगर चालंल आता," असं म्हणून तो पागोटं सावरत गेला. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. ते वाक्य या घरात पुन्हा ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

अण्णांच्या काटछाटीत सगळाच शहाणपणा होता अशातला भाग नाही. त्या दुकानदाराच्या दुकानाची पुढची पडवी त्यांनी आधी कधीतरी कापली होती आणि पहिल्या पावसाळ्यात त्याची साखरेची पोती भिजली होती. तरी तो पुन्हा आला. मीही पुढे पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे गेलो, ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आपल्याला हवं ते सगळं एक माणूस शांतपणे खोडत बसला की आपल्यालाच कसं साधू झाल्यासारखं वाटतं.

माझं लग्न झालं आणि बायको गुहागरकडून या घरात आली. तिच्या माहेरी घरापुढे सारवलेलं खळं, भोवती माड, दिवसभर दारं उघडी. इथं दोन खोल्या, त्यांच्या खिडक्या शेजारच्या भिंतीकडे, आणि पुढे आळीतली पुरुषमाणसं ओट्यावर पानं चघळत बसलेली. बाईमाणसानं बसायचं कुठे, तर बोळात. ती दुपारी तांदूळ निवडायला बोळाच्या टोकाशी जाऊन बसायची. तिथं अण्णांची बायको आधीच बसलेली असायची. त्यांना आम्ही काकू म्हणत असू. दार उघडं, समोर तो आडवा वासा, त्याच्याखालून दोघी नदीकडे बघत तांदूळ निवडायच्या. मी कितीदा त्यांना ओलांडून न्हाणीकडे गेलो असेन, खोकत खोकत. पण मला दोन बायका तांदूळ निवडताहेत यापलीकडे काही दिसलं नाही. त्या दोघींच्या मधलं अंतर मात्र मी फूटपट्टी न लावता सांगू शकलो असतो.

एक दिवस जेवायला वाढताना बायको म्हणाली, "महिनाअखेरीस दादा न्यायला येतोय."

"किती दिवस?"

"मी जाते ती तिकडेच राहते म्हणते. जीव गुदमरतो हो इथे. तुम्ही सुट्टीत येत जा."

तिनं हे भांडून सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. ती आमटी वाढता वाढता बोलली. दुसरी जागा शोधावी तर कारखान्यामुळे पिंपरी-चिंचवडला खोली मिळणं दुरापास्त झालेलं. पुण्यात राहणं पगारात बसत नव्हतं. मला भीती वाटली, खरीखुरी. ती गेली तर परत येणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला ती हवी होती.

त्या भीतीत मला ते दार आठवलं. तिथं सज्जा बांधायचा! दगडी नको, खालची काळी माती पावसात फुगते. चांगला लाकडी, खांबांवर उभा केलेला. संध्याकाळी कामावरून येऊन मी आणि ती नदीवरचा वारा खात बसलो आहोत, असं चित्र मला दिसू लागलं. चित्रात मी जरा देखणाही होतो.

मी एस्टिमेट करायला बसलो. करायचं होतं चार खांब, दोन तुळया आणि वर फळ्या एवढ्याचं. पण माझ्यातला डिप्लोमा जागा झाला. खांबांचा पाया, डांबराचा हात, तुळयांची जाडी, फळ्यांतली फट, पावसानं फळ्या फुगण्याची तरतूद, कठडा, कठड्याला नक्षी, वर पत्र्याचं छप्पर, छपराला पन्हाळ, झोपाळा, झोपाळ्याच्या कड्या, रंगाचे दोन हात आणि शेवटी आकस्मिक खर्च. वजन किती येईल तेही मांडलं. बसणारी माणसं दोन, अधूनमधून पाहुणे. एवढ्या सामानात आळंदीच्या घाटावर एक धर्मशाळा सहज उठली असती. बायकोला दाखवलं तर तिनं झोपाळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमच्यासाठी का?" मला तो कौतुकाचा प्रश्न वाटला.

परवानगी अण्णांची हवी होती. मी कागद घेऊन खाली बसलो, ते खुर्चीत बसले, पेन्सिल कानावरून खाली आली.

"झोपाळ्याशिवाय चालेल," अण्णा म्हणाले.

झोपाळा गेला. मग रंग गेला, लाकूड काही लग्नाला उभं नाही म्हणून. छप्पर गेलं, पावसात तिथं बसणार कोण म्हणून. छप्पर गेल्यावर पन्हाळ आपोआप गेली. कठड्याला मी जरा नेट धरला.

"अण्णा, माणसं पडतील."

"कडेला बसू नये."

मग लांबी. मी धरलेल्या लांबीत त्यांनी निम्मी छाटली. निम्म्यात उभं राहता येतं. आणि उभंच राहायचं असेल तर सज्जा कशाला, एक रुंद फळी पुरे. आणि फळीवर उभं राहून जी नदी दिसते तीच दारात उभं राहूनही दिसते. "वासा आहेच टेकायला," अण्णा म्हणाले. "म्हणजे काम झालेलंच आहे."

माझी गंमत बघा. मला हे पटलं! कागद लालेलाल झाला होता आणि मी डोकं हलवत होतो. मी उठलो तो प्रसन्न मनानं उठलो, खोलीत गेलो आणि बायकोला समजावून सांगितलं की अगं, सज्जा मुळात तयारच आहे, आपल्यालाच कळलं नाही. अण्णांची वाक्यं मी त्यांच्यापेक्षा सफाईनं म्हणून दाखवली. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मागे खुंटीवर तिची पिशवी टांगलेली होती. मी बोलता बोलता थांबलो.

ती उठली, पदर खांद्यावर घेतला आणि सरळ अण्णांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे मागे.

"अण्णा, कशाशिवाय चालेल ते मला विचारा."

अण्णांना असं आपण होऊन आलेलं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं. ते सरसावून बसले. "छप्पर?"

"चालेल छपराशिवाय."

"कठडा?"

"नको. आम्ही मधे बसू."

"रंग? पायऱ्या? झोपाळा?"

"झोपाळा ह्यांनी घातला होता. मला काही नको. दोन पाट शेजारी शेजारी मांडता येतील एवढी जागा द्या, झालं."

अण्णा खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघ. याला म्हणतात एस्टिमेट. शिक." मग तिला म्हणाले, "दोन पाट. एक तुझा, एक ह्याचा."

"नाही," ती म्हणाली. "एक माझा, एक काकूंचा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. अण्णांची पेन्सिल कागदावर अधांतरी थांबली, पण सवय कुठे जाते? त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "बरं. आणखी कशाशिवाय चालेल?"

"तुमच्याशिवाय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी ते घर सोडेपर्यंत अण्णांसमोर काकूंचा चढलेला आवाज एकदाच ऐकला, तो हा. आणि खरं म्हणजे चढलेला नव्हताच. त्या भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "घर बांधलंत तेव्हा मी एवढी एकच गोष्ट मागितली होती. नदीकडे एक सज्जा. दार घडवून आलं, बसवलंत, आणि मग बाहेरचं खोडलंत. मला विचारलंसुद्धा नाहीत, कशाशिवाय चालेल म्हणून. तेव्हापासून रोज मी त्या वाशाखालून बघते. ही पोर आली, तर निदान सोबत झाली. आता तीही चालली." एवढं बोलून त्या थांबल्या, हाताकडे बघितलं आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्या कागदाची घडी करून खिशात टाकली. मला निघून जावंसं वाटत होतं, पण जायचं कसं ते कळेना. शेवटी मी, दुसरं काही सुचेना म्हणून, खोकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा पिंपरीला आमच्या कामावर हजर. कोट, धोतर, छत्री. तिथं कारखान्याची परदेशी यंत्रं मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून यायची आणि रिकामी खोकी विकली जायची. अण्णांनी प्रत्येक फळी बोटाच्या पेरानं वाजवून घेतली. मी हिशेबात धरले होते त्याच्या दीडपट जाड खांब निवडले.

"अण्णा, एवढे कशाला? माझ्या हिशेबानं..."

"हललं तर ती पुन्हा तिथं बसायची नाही," अण्णा म्हणाले. मग माझा तो लालेलाल कागद त्यांनी खिशातून काढला, कुठून तरी चाकू पैदा केला आणि माझ्यादेखत पेन्सिलीचं निळं टोक तासलं. कठड्यावरची लाल रेघ तशीच ठेवून शेजारी निळ्यानं लिहिलं, 'हवा'. "मधे बसू म्हणतात. पण ही पुढे सरकणार. मला माहीत आहे."

सुतारानं सज्जा उभा केला. फळ्यांवर इंग्रजी अक्षरं होती, बाण होते आणि काचेच्या पेल्याचं चित्र होतं. ही बाजू वर ठेवा म्हणून छापलेले बाण आता चारी दिशांना तोंडं करून पडले होते. काकूंनी पेल्याखाली काय लिहिलंय ते विचारलं. "जपून हाताळा," मी सांगितलं. त्यांनी पाट बरोबर त्या फळीवर मांडला. माझ्या हिशेबातलं फक्त एक कलम जसंच्या तसं अमलात आलं, ते म्हणजे खिळे. ते इतके उरले की पुढे घरातल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र खिळा मिळाला. माझ्या टोपीला दोन होते.

महिनाअखेरीस दादा आला. त्याला बोळात पाट मांडून जेवू घातलं, कारण सज्ज्यावर जागा नव्हती. तो बहिणीची वाट बघत राहिला आणि ती सज्ज्यावरून हाक मारून सांगत राहिली, "गणपतीत येऊन जाईन रे, आई-बाबांना सांग." तो एकटाच परत गेला. त्याला स्टेशनवर पोचवून मी सायकल अशी हाणली की वाटेत साखळी पडली.

आता माझ्या चित्राचं काय झालं ते सांगायला हवं. संध्याकाळी मी कामावरून यायचो, हातपाय धुवायचो आणि बोळात जायचो. दाराशी अण्णा उभे असायचे. वासा काढून टाकला होता, सज्ज्यावर दोन पाठमोऱ्या बायका, पुढे नदी. दाराला कडी नव्हतीच. अण्णा घसा साफ करून खोकायचे. सज्ज्यावरून काकू उलट खोकायच्या.

"कुणी तरी आहे," अण्णा मला सांगायचे, आणि आम्ही दोघं मागे फिरून बोळात भिंतीला टेकून बसायचो. हे असं कितीतरी दिवस चाललं. अण्णा रागावले नाहीत. नियम त्यांचाच होता. कधी बाहेरून हसणं ऐकू यायचं, तेव्हा ते कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "ही हसते, हे मला माहीत नव्हतं." मला त्यांचं वाईट वाटायचं, आणि त्यांच्याशेजारी मीही बसलोय हे जरा उशिरा लक्षात यायचं.

मग एका संध्याकाळी अण्णा खोकले आणि उलट खोकला आलाच नाही.

ते थांबले. पुन्हा खोकले, जरा मोठ्यानं. बाहेर दोघी बसलेल्या आम्हाला दिसत होत्या. काकूंनी मान वळवली नाही. फक्त पाट उचलला आणि कठड्याच्या बाजूला सरकवला.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. कितीतरी मोऱ्या, कितीतरी पूल पाहिलेला तो माणूस, दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "खोकला नाही आला," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे मोकळं आहे, अण्णा. जा."

त्यांनी चपला काढल्या, कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि पाट न घेताच बाहेर जाऊन फळ्यांवर बसले. त्यांनी निवडलेले खांब हलले नाहीत.

मी थोडा वेळ थांबलो. पट्टी नसतानाही मला दिसत होतं की अण्णांच्या उजव्या बाजूला अजून एका माणसापुरती जागा आहे. मी दारापाशी गेलो, पंचा खांद्यावर नीट केला आणि खोकलो.

बाहेरून तिघंही खोकली.